पाणवेलीला आवतण कुणी दिलं?



विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने तळ्यातल्या झाडांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण तळ्यात काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हा शेवटी निवडीचा प्रश्न आहे. निवड करताना आपण नेमकं काय निवडतो, तिचे परिणाम कुणाच्या दारात जाऊन पडतात, आणि ते आधी कळायला काही मार्ग असतो का, हे आमच्या विषयाचे जुने प्रश्न आहेत. वर्गात ते फार अमूर्त वाटायचे. पाण्यात ते डोळ्यांना दिसतात.

सध्या नाशिकमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. एकीकडे लोक हौसेने तळी करताहेत. कुणी शेतघराच्या आवारात, कुणी सोसायटीच्या बागेत, कुणी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत. कारंजं असलेला सिमेंटचा हौद नको, बेडूक, चतुर, मासे, फुलं असलेलं जिवंत तळं हवं, असं म्हणणारी माणसं आता भेटतात. आनंदाची गोष्ट आहे. ही मंडळी रोपवाटिकेत जातात आणि म्हणतात, पाण्यात वाढणारं काहीतरी छान द्या. दुसरीकडे त्याच शहरातून वाहणाऱ्या गोदावरीतून पाणवेली काढण्यासाठी यंत्रं लावावी लागतात. आनंदवलीकडे, दसक-पंचककडे, खाली सायखेडा-चांदोरीकडे नदीवर हिरवी चादर पसरलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. पुराच्या दिवसांत ती वाहत येऊन पुलाच्या खांबांना अडकते आणि काठच्या गावांच्या पोटात गोळा येतो.

म्हणजे एका हाताने पाण्यातली झाडं विकत आणायची आणि दुसऱ्या हाताने पैसे मोजून पाण्यातली झाडं काढायची. या दोन हातांची ओळख करून द्यावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. त्यासाठी आपल्याला थोडं लांब, बंगालपर्यंत आणि पलीकडे दक्षिण अमेरिकेपर्यंत जावं लागेल. पण परत नाशिकला यायचं आहे, काळजी नसावी.

ही पाणवेली, पुण्याकडचे लोक तिला जलपर्णी म्हणतात, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फूल जांभळट, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. देठाला फुगा, त्यामुळे ती तरंगते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांना काचघरांची आणि बागेतल्या तळ्यांची मोठी हौस होती. लांबून आणलेलं अनोखं झाड हे प्रतिष्ठेचं लक्षण होतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १८८४ साली कापसाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे आलेल्या पाहुण्यांना ही रोपं भेट म्हणून वाटली गेली, अशी कथा सांगतात. कथा किती खरी यावर अभ्यासक वाद घालतात. पण त्यानंतरच्या दशकात फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत तिने बोटी अडवल्या, हे मात्र नोंदलेलं आहे. लोक इतके हैराण झाले की १९१० साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये लुईझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी एक विधेयक आणलं. काय, तर आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांमध्ये सोडावेत! ते पाणवेली खातील आणि माणसं त्यांचं मांस खातील. विधेयक मंजूर झालं नाही. झालं असतं, तर आज पाणघोड्यांचं काय करायचं यावर कुणीतरी व्याख्यान देत असतं.

हसू येतं, पण विचाराची ही तऱ्हा ओळखीची आहे. बाहेरून आणलेल्या एका जिवाने गोंधळ घातला, तर बाहेरून दुसरा जीव आणून तो निस्तरायचा.

आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही बागेतलं शोभेचं झाड म्हणून. पुढच्या वीस-तीस वर्षांत पूर्व बंगालचे बिल, खाल, नद्या तिने भरून टाकल्या. भातशेतीवर ती पुराबरोबर चढायची. तागाच्या होड्या अडकायच्या. बंगालीत तिला कचुरीपाना म्हणतात. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. हे शत्रूने पाठवलेलं झाड आहे, अशी समजूत पसरली होती. मंडळी, या नावात बराच अर्थ आहे. आपल्या हौसेने आलेली आपत्ती आपल्याला शत्रूची करणी वाटते.

१९२१ साली बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच ते वनस्पतींच्या संवेदनांवर काम करणारे बोस. औषध फवारावं का, यंत्राने काढावी का, हाताने काढावी का, कायदा करावा का, असे सगळे मुद्दे त्या काळात चर्चेत होते. तिच्या राखेतून पोटॅश मिळवून खत म्हणून विकता येईल का, हेही लोकांनी करून पाहिलं. मग १९३६ साली बंगालचा पाणवेली कायदा आला. घराभोवती, बागेत, तळ्यात ती ठेवणं गुन्हा ठरलं आणि आपल्या जागेतली काढून टाकणं बंधनकारक झालं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत सगळ्या प्रमुख पक्षांनी जाहीरनाम्यात पाणवेलीमुक्त बंगालचं वचन दिलं. फजलुल हक निवडून आले आणि त्यांच्या सरकारने मोहीम काढली. गावोगाव माणसं पाण्यात उतरली. काही काळ फरक पडला. पाणवेली मात्र गेली नाही. आजही ती तिथे आहे.

का गेली नाही? इथे इफ्तेखार इकबाल या इतिहासकारांची मांडणी आम्हाला महत्त्वाची वाटते. ते म्हणतात, नुसतं झाड पाहू नका, पाणी पाहा. त्याच काळात बंगालमध्ये रेल्वेचे उंच बांध घातले गेले होते. पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडल्या, वाहतं पाणी ठिकठिकाणी साचलं, आणि साचलेल्या पाण्यात पाणवेलीला राज्य मिळालं. झाड बागेतून आलं हे खरं. पण त्याच्यासाठी अंथरूण आपण घालून ठेवलं होतं.

आता आपल्या गोदावरीकडे पाहू. पाणवेलीला तीन गोष्टी लागतात: ऊन, संथ पाणी आणि पाण्यात विरघळलेलं नत्र-स्फुरद. ऊन आपल्याकडे फुकट. संथ पाणी बंधाऱ्यांनी दिलं. पावसाळा सोडला तर शहरातली नदी ही बंधाऱ्यांमागे थांबलेल्या पाण्याची माळ आहे. आणि नत्र-स्फुरद? ते सांडपाण्यातून येतं. नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्यातून काय वाहत येतं, हे नाशिककरांना सांगायला नको. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ साली जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, इतका तो जुना आणि जड आहे. अशा पाण्यात पाणवेली साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. दोनाचं चार, चाराचं आठ. शिवाय तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणून यंत्राने नदी एकदा साफ केली की काम संपलं, असं होत नाही. जोवर सांडपाणी येतंय, तोवर आपण तिला दररोज जेवायला वाढतोय.

हे सगळं पाणी शेवटी कुठे जातं? निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरला. ब्रिटिश काळात तिथे बंधारा झाला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, दलदल तयार झाली आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय नोंद झाली. तिथले पक्षी उघडं पाणी, उथळ चिखल आणि पाण्याखालच्या वनस्पती यांवर जगतात. वरून पाणवेलीचं झाकण बसलं की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात, पाण्यातला प्राणवायू घटतो. शहरातल्या कुणाच्या तरी तळ्यातून ओहोळात गेलेलं एक रोप तिथवर पोहोचायला नदीच पुरेशी आहे. तळं आपलं, पण उतार सगळ्यांचा.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, सोपं आहे. परदेशी झाड वाईट, देशी झाड चांगलं. फक्त देशी लावा, झालं. मंडळी, आम्हाला इथेच थोडं थांबवायचं आहे. ‘देशी’ हा शब्द उपयोगाचा आहे, पण तो ताईत नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं हायड्रिलाचं. आपल्या तळ्यांत, संथ नद्यांत पाण्याखाली वाढणारी ही अगदी साधी वनस्पती. आपले लोक तिला सरसकट शेवाळच म्हणतात. मासे तिच्यात लपतात, अंडी घालतात. काही बदकं ती खातात. १९५० च्या दशकात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांसाठी ती श्रीलंकेतून फ्लोरिडात नेली गेली. तिथे ती कालव्यांत सुटली, आणि आज अमेरिकेतल्या अत्यंत त्रासदायक पाणतणांत तिचं नाव घेतात. वनस्पती तीच. इथे गरीब सून, तिथे कजाग. फरक तिच्या स्वभावात नाही. इथे तिला खाणारे मासे, कीटक, पक्षी आहेत, उन्हाळ्यात आटणारी तळी आहेत. तिथे ती एकटी गेली, तिला आवर घालणारे सगळे मागे राहिले.

दुसरं उदाहरण भरतपूरचं. नांदूर मध्यमेश्वरला आपण कौतुकाने महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो, म्हणून ते आपल्याला जवळचं. राजस्थानातल्या त्या केवलादेव उद्यानात आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरायच्या. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली चराई बंद केली गेली. हेतू चांगला होता, पक्ष्यांना त्रास नको. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं गेली. पुढे काय झालं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक तिथे १९८० च्या दशकभर काम करत होते. त्यांना दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं पास्पालम नावाचं गवत बेसुमार वाढलं आणि उघडं पाणी झाकून टाकू लागलं. पक्ष्यांची अडचण झाली. म्हशी पक्ष्यांच्या शत्रू नव्हत्या, त्या तळ्याच्या माळी होत्या. म्हणजे झाड जुनंच असलं, तरी त्याला आवर घालणारा हात काढून घेतला की ते पसरतं.

तिसरं उदाहरण नावाचं आहे, आणि आमच्यासारख्या शब्दांवर जगलेल्या माणसाला ते सर्वांत जास्त भावतं. साल्विनिया नावाची एक तरंगती नेचेवर्गीय वनस्पती आहे. केरळात तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. तिने तिथली भातशेती आणि कालवे यांना फार छळलं. खरं तर ती आफ्रिकेची नाही, दक्षिण अमेरिकेची. अनेक वर्षं शास्त्रज्ञ तिला साल्विनियाची दुसरीच एक जात समजत होते. त्या दुसऱ्या जातीवर जगणारे कीटक शोधून आणले, सोडले, आणि त्यांनी काही फार काम केलं नाही. १९७२ साली मिचेल यांनी ती वेगळी जात असल्याचं दाखवून तिला स्वतःचं नाव दिलं. मग तिचं खरं माहेर शोधायला सुरुवात झाली. १९७८ साली ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला एक इवलासा भुंगा १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या एका तलावात सोडला, आणि वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा झाला. तोच भुंगा पुढे बंगळुरूत आणि केरळात आणला गेला आणि तिथेही उपयोगी पडला. योग्य नाव कळेपर्यंत योग्य उपाय सापडत नव्हता. नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यांना आम्ही साल्विनिया दाखवतो.

याच दशकात पाणवेलीसाठीही अर्जेंटिनाकडचे भुंगे बंगळुरूला आणून, आधी तपासून, सोडले गेले. शांत तळ्यांत त्यांनी काम केलं. पण जिथे सांडपाणी भरपूर आणि दरवर्षी पूर, तिथे झाडाची वाढ भुंग्याच्या भुकेला मागे टाकते. पुन्हा तेच. पाणी पाहा.

या तिन्ही उदाहरणांतून आम्ही एक सूत्र काढतो. आपण झाड निवडतो असं आपल्याला वाटतं. पण झाड हे एकटं नसतं. त्याला खाणारे, त्याला आटवणारा उन्हाळा, त्याला उपटणारा हात, अशा नात्यांच्या गोतावळ्यात ते राहतं. रोपवाटिकेतून आपण झाड आणतो, गोतावळा आणत नाही. तेव्हा झाड निवडताना विचारायचा प्रश्न असा: माझ्या तळ्यात याला आवर कोण घालणार आहे?

हा प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून महाराष्ट्रातलंच एक उदाहरण सांगतो. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव शेकडो वर्षं शेतीला पाणी देत आले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि हळूहळू देखभालीचं नातं सैल झालं. गाळ साचला. काठावरून बेशरम आत शिरली. ही बेशरम आपल्याकडेही कुंपणाला लावतात. गुलाबी भोंग्यासारखं फूल, फांदी मोडून फेकली तरी जगते, म्हणून तर हे नाव. तीही दक्षिण अमेरिकेतलीच, आणि तीही माणसानेच हौसेने नि सोयीने लावलेली. तलावात पाण्याखालच्या वनस्पती कमी झाल्या, स्थानिक मासे कमी झाले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाच्या पोटावर पाय आला.

तिथे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढीवरांबरोबर कामाला लागले. त्यांनी काय केलं, ते नीट ऐकण्यासारखं आहे. आधी जुन्या जाणत्या मासेमारांना विचारलं, पूर्वी तलावात काय काय होतं? कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणता काय खातो, हे त्या लोकांना पाठ होतं. मग उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर, तळ्याच्या कोरड्या भागातली बेशरम खणून काढली, जमीन नांगरली. आणि पाऊस पडल्यावर बायकांनी पाण्यात उतरून, जवळच्या चांगल्या तलावांतून आणलेल्या वनस्पती हाताने लावल्या: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, छोटी कुमुदिनी, अशा. मासे परतू लागले, पक्षीही.

यात आम्हाला तीन गोष्टी दिसतात. एक, निवड ‘दिसायला छान काय’ यावरून झाली नाही, ‘इथे कोण कुणावर जगतं’ यावरून झाली. दोन, आधी काढलं, मग लावलं. तीन, लावणारेच रोज त्या पाण्यावर असणार होते. ज्याचं पोट त्या तळ्यावर, त्याचं लक्ष त्या तळ्यावर. आपल्या जुन्या पाणवनस्पती बहुतेक अशाच आवरात राहिल्या आहेत: शिंगाडा काढून खाल्ला जातो, नाळीची भाजी खुडली जाते, कमळाचे कंद उकरले जातात.

आता नाशिकला परत येऊ. तुम्ही तळं करताय, तर काय लावाल?

पाण्याखाली, प्राणवायूसाठी आणि माशांच्या पिलांसाठी: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम. थोड्याच मुठी पुरतात. ही वाढतात, पण ओढून काढायला सोपी.

पृष्ठभागावर पान ठेवणाऱ्यांत कुमुद आणि छोटी कुमुदिनी. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर कुमुदिनी तलाव आहे, तिथलं ते नाजूक, झालरीचं पांढरं फूल ते छोट्या कुमुदिनीचं. लहान तळ्याला ती शोभते. कुमुद साधारण दोन-तीन फूट पाण्यात, काळ्या मातीच्या टोपलीत लावावं. शेणखत घालू नये, कारण पाण्यात खत म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

काठावरच्या ओल्या मातीत ब्राह्मी आणि वेखंड. दोन्ही आपल्या घरगुती औषधांत ओळखीच्या, म्हणजे काढल्या तरी वाया जाणार नाहीत.

जपून लावायच्या दोन. एक कमळ. कमळ आणि कुमुद यांत लोक गल्लत करतात, आणि रोपवाटिकाही करते. साधी खूण सांगतो: कमळाचं पान पूर्ण गोल, त्याला खाच नाही, आणि ते पाण्याच्या वर उचललं जातं. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर पडून राहतं. कमळ आपलंच, सुंदरच, पण त्याचे कंद चिखलातून धावतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत लहान तळं भरून टाकतात. लावायचं तर मोठ्या बंद कुंडीत. दुसरं पाणकणीस. पाणी गाळायला ते उत्तम, सुगरणीला घरट्यासाठी पात्यांचे धागे देतं. पण उथळ तळ्यात मोकळं सोडलं तर तळ्याची दलदल करतं.

नाहीच म्हणायच्या: पाणवेली, साल्विनिया, कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी पिस्टिया, बेशरम, ॲलिगेटर वीड, आणि माशांच्या टाकीत लावतात ती कॅबोम्बा. या कॅबोम्बाची गंमत ऐका. २०२० साली केरळात कोझिकोडजवळ एक कालवा तिच्या फुलांनी गुलाबी झाला आणि लोक ते बघायला लोटले. काहींनी रोपं घरीही नेली. सव्वाशे वर्षांपूर्वी पाणवेलीबाबत जे घडलं, तेच पुन्हा. फूल आवडलं की प्रश्न विचारायचे राहून जातात.

काही पथ्यं. नवीन आणलेली वनस्पती महिनाभर वेगळ्या टबात ठेवा. तिच्या मुळांना साल्विनियाचा तुकडा किंवा पाणवेलीचं पिल्लू चिकटून आलंय का, ते तिथे कळतं. तळ्याचं सांडवं ओहोळाला, नाल्याला जोडू नका. जोडावंच लागलं तर जाळी लावा आणि ती पावसाळ्यात रोज साफ करा. काढलेली झाडं नदीत विसर्जित करायची नाहीत, उन्हात पूर्ण वाळवून मग खतात घालायची. माशांच्या टाकीतलं पाणीसुद्धा गटारात ओतायचं नाही, बागेत ओतायचं. निम्म्याहून जास्त पाणी उघडं दिसलं पाहिजे. झाकलं गेलं की हात घालायची वेळ झाली. आणि देशी रोप हवं म्हणून रानातून उपटून आणू नका. कासच्या पठारावरचा वायतुरा ही पाणवनस्पती फक्त आपल्या सह्याद्रीच्या थोड्या भागात आढळते. देशीच्या प्रेमापायी तिला उपटून आणणं हे तिचं रक्षण नव्हे.

व्याख्यानाच्या आधी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: इतका विचार करायचा, तर तळंच का करावं? आम्ही म्हणतो, जरूर करा. शहरात बेडकांना, चतुरांना जागा उरलेली नाही; आपल्या नद्यांच्या काठची पाणथळ जागा आपण बुजवत आलो. एक चांगलं तळं ही थोडी भरपाई आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की भरतपूरला म्हशी होत्या, विदर्भात ढीवर आहेत, तुमच्या सोसायटीच्या तळ्यात दोन्ही नाहीत. तिथे म्हशीचं काम तुम्हालाच करायचं आहे. आठवड्यातून एकदा पँट वर करून पाण्यात उतरायचं, वाढलेलं काढायचं, काय नवीन आलंय ते बघायचं. ते करायची तयारी नसेल, तर कमी झाडं लावा, हाताने उपसता येतील एवढीच.

पाणवेलीला आवतण माणसाने दिलं, तिला जेवायला माणूसच वाढतोय, आणि शत्रूचं नाव मात्र झाडाला मिळालं. सिंहस्थाला देशभरातून लोक या नदीवर येतात. नदीतल्या सांडपाण्याचा हिशेब महापालिकेला आणि शासनाला विचारायचाच आहे, तो हक्क सोडू नका. पण तो विचारताना आपल्या अंगणातल्या तळ्याचा हिशेब आपल्याकडे तयार असावा: काय लावलं, त्याला आवर कोण घालतं, आणि त्याचं पाणी कुठे उतरतं. एवढी तीन उत्तरं देता आली, तर तुमची निवड झाली असं समजा.

चिठ्ठ्या आणखी आल्या असतील तर पुढे पाठवा.